मोदक फॉन्टमध्ये ‘ष्टि’चा गोळा होतोय, काय करू?

प्रश्न (पाकीट-छपाई)
भाजणीच्या पाकिटावर ‘पौष्टिक भाजणी’ हे नाव मोदक फॉन्टमध्ये घेतलंय. शब्दांची रुंदी ८० मिमी, तपकिरी क्राफ्ट कागद, एकरंगी स्क्रीनछपाई. पडद्यावर सुरेख दिसतं, छापल्यावर ‘ष्टि’चा नुसता काळा ठिपका. उठाव यावा म्हणून १ पॉइंटची आउटलाइनही दिली आहे. फॉन्ट बदलावा का?

उत्तर १ (अक्षरजुळणी)
आधी ती आउटलाइन काढा. ती अर्धी बाहेर, अर्धी आत वाढते आणि फटीच्या दोन्ही काठांवर बसते, म्हणजे १ पॉइंटच्या आउटलाइनने फट १ पॉइंटने कमी होते. ‘बिहाइंड फिल’ (आउटलाइन भरावाच्या मागे) केलंत तरी हेच, कारण फटीच्या मागे अक्षराचा भराव नसतोच.

‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा हा फॉन्ट मुद्दाम इतका गुबगुबीत आहे की अक्षर काळ्या रेघेपेक्षा पांढऱ्या फटीने वाचलं जातं. पोटातल्या फटी बुजल्या की ‘ष’चा ‘प’ आणि ‘ब’चा ‘व’ होतो. क्राफ्ट कागद शाई पितो, शाई कडेने पसरते, आणि पहिला बळी बारीक फटीचा.

मजकूर कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे साधे आकार बनवून) सगळ्यात अरुंद फट मोजा. क्राफ्टवर स्क्रीनछपाईला मी ०.५ मिमीच्या खाली जाणार नाही. तुमची ०.२ मिमी भरली, तर शब्द अडीचपट हवा. ८० मिमीत ते बसणार नाही, म्हणून ‘पौष्टिक’ आणि ‘भाजणी’ दोन ओळींत घ्या आणि रुंदीही थोडी वाढवा, कारण नुसत्या दोन ओळींनी साधारण दुप्पटच मिळेल. ओळींतलं अंतर हातानेच लावा, नाहीतर वरच्या ओळीचा खालचा भाग खालच्या वेलांटीवर आदळतो.

उत्तर २ (बोर्ड-फलक)
उठाव हवाच असेल तर शब्दाची प्रत घेऊन २ मिमी बाहेरच्या बाजूला कॉन्टूर (कडेभोवतीची रेघ) द्या, वेल्ड करा (सगळे आकार एकत्र जोडा), आतली भोकं काढून टाका आणि तो सपाट आकार दुसऱ्या रंगात मागे ठेवा. फटींतून तोच रंग दिसतो, अक्षर शाबूत राहतं. अर्थात त्यासाठी दुसरा रंग छापावा लागेल.

अक्षरांतलं अंतर शून्यावरच असू द्या. ते वाढवलं की आतल्या फटी आणि बाहेरच्या फटी यांचा मेळ तुटतो, आणि या फॉन्टचं सगळं सौंदर्य त्या मेळात आहे. मागून उजेड असलेल्या फलकावर मात्र पांढरी अक्षरं नकोत, उजेड फुटून फटी गिळतो.

उत्तर ३ (दुरुस्ती)
छापखान्यात फाइल कर्व्ह करूनच द्या. तिथल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ष्टि’ची वेलांटी सुटून मागे जाते किंवा हलन्त (पाय मोडल्याची खूण) उघडा पडतो. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काम असेल तर जोडाक्षरं नीट जुळवणारा ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कम्पोजर’ निवडलाय ना, बघा.

मोदकला वजन (रेघेची जाडी) एकच, त्यामुळे साहित्य, निव्वळ वजन ‘२५० ग्रॅम’ वगैरे त्यात अजिबात नको. ते ‘मुक्त’ या फॉन्टमध्ये घ्या. आणि नाव एकाच ओळीत हवं असा हट्ट असेल तर ‘बलू २’ या फॉन्टचं एक्स्ट्रा बोल्ड लावून बघा. गोलाई तशीच, पण पोटं मोकळी असल्याने लहान आकारात ‘ष्टि’ स्पष्ट वाचता येतं.