बोक्याची लघवी तुंबली होती, परवा घरी आणलाय. पुढं काय काय सांभाळू?

शिवणघर, चिंचवड

नमस्कार. इथं मांजरं पाळणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. लिहिताना थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

आमचा बंड्या चार वर्षांचा. नसबंदी झालेला, वजन ६.२ किलो. मी घरी ब्लाउज शिवते आणि तो दिवसभर मशीनच्या पायाशी, अस्तराच्या चिंध्यांच्या टोपलीत झोपतो. खाणं आजवर फक्त कोरडे दाणे. पाणी दिवसातून एखाद-दोनदा चाटायचा. मांजरं पाणी कमीच पितात असं ऐकून होते, म्हणून कधी वावगं वाटलं नाही.

मागच्या मंगळवारी तो सारखा ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. बसायचा, कुंथायचा, वाळू उकरायचा, बाहेर यायचा, दोन मिनिटांत परत आत. मला वाटलं शी अडकलीये. एका दवाखान्यात नेलं, तिथंही बद्धकोष्ठ म्हणून पातळ औषध देऊन घरी पाठवलं. पोट कुणी चाचपून पाहिलं नाही. बुधवारी दुपारी तो टोपलीतून उठेना. हाक मारली तर नुसता कान हलवला. मग उलटी झाली आणि घशातून खोल असा आवाज काढला, जो मी त्याच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता. उचलायला पोटाखाली हात घातला तर आत मोसंब्याएवढं काहीतरी टणक लागलं, आणि बंड्या मला चावला. चार वर्षांत पहिल्यांदा.

कापायला घेतलेलं कापड तसंच टाकून रिक्षानं दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हात लावताक्षणी सांगितलं, लघवी तुंबलीये, आत्ता मोकळी केली नाही तर रात्र काढणार नाही. रक्तात क्रिएटिनीन ७.८, पोटॅशियम ७.९, दोन्ही फार चढलेलं. हृदयाचे ठोके मंद झाले होते. आधी हृदयासाठी इंजेक्शन, मग भूल देऊन नळी घातली. पिशवीत पहिली लघवी उतरली ती कोकम सरबताच्या रंगाची होती. दोन रात्री सलाईनवर होता. नळी काढल्यावर स्वतःहून लघवी केली तेव्हाच घरी सोडलं.

सोनोग्राफीत खडा नाही. लघवीत थोडे स्फटिक, जंतुसंसर्ग नाही, म्हणून प्रतिजैविक दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, ताणामुळे मूत्राशयाला सूज आलीये, त्यातूनच तुंबलं. आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये १२ दिवस बाथरूमच्या फरशा फोडताहेत, सकाळी दहा ते पाच ब्रेकर चालू असतो. शिवाय एक नवा भटका बोका रात्री स्वयंपाकघराच्या खिडकीत येऊन बसतो. या दोन गोष्टींचा आणि लघवीचा संबंध असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

आता प्रश्न. त्याला पाणी जास्त कसं पाजू? डॉक्टरांनी लघवीच्या त्रासासाठीचं ओलं खाणं लिहून दिलंय, ते तो हुंगून निघून जातो. आमचे हे म्हणतात, चार दिवस दुसरं काही देऊ नको, भूक लागली की खाईल. आणि परत तुंबलं तर लघवीची वाट मोठी करायचं ऑपरेशन लागेल म्हणाले, त्याचा कुणाला अनुभव आहे का? मी रात्री तीन-तीनदा उठून ट्रे बघते.

जुनी मांजरवाली

ताई, उठून बघताय ते चुकीचं नाही. पहिला महिना डोळ्यांत तेल घालूनच काढायचा असतो. आमचा पहिला बोका नळी काढल्यावर पाचव्या दिवशी पुन्हा तुंबला होता. पहाटे लक्षात आलं आणि तासाभरात दवाखान्यात होतो म्हणून वाचला, पुढं नऊ वर्षं जगला.

ट्रे नुसता बघू नका, मोजा. गोळा होणारी वाळू वापरा, म्हणजे प्रत्येक लघवीचा वेगळा गोळा उचलता येतो. रोज साधारण दोन ते चार चांगले गोळे, लिंबाएवढे किंवा मोठे, असं असलं की निवांत राहा. सुपारीएवढे सात-आठ गोळे झाले तर सूज वाढलीये. बसतोय आणि एकही गोळा नाही, तर घड्याळ बघू नका, निघा. मी कालनिर्णयच्या चौकटीतच आकडा लिहायचे. दुधाचा हिशेब लिहितो तिथंच, म्हणजे घरातलं कुणीही बघू शकतं.

पाण्याचं गणित सांगते. किलोमागे ५० मिली धरलं तर तुमच्या बंड्याला खाण्यातलं आणि वाटीतलं मिळून दिवसाला ३०० मिलीच्या आसपास पाणी हवं. कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के पाणी असतं, म्हणजे ७० ग्रॅम दाण्यांतून ७ मिली. ओल्या खाण्याच्या ८५ ग्रॅमच्या एका पाऊचमधून ६५ मिलीच्या पुढं जातं. तीन पाऊच आणि प्रत्येकात दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवलंत तर तो वाटीला न शिवताही गरज जवळजवळ भागते. वाटीमागे धावू नका, खाण्यातून पाणी घाला.

वाटी मात्र खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब ठेवा. पसरट, काठापर्यंत भरलेली. आमच्याकडे माठाखालच्या ताटलीतलं पाणी आवडायचं, तर मी तीच ताटली रोज घासून भरून ठेवायचे. ट्रे एका मांजराला दोन, दोन वेगळ्या जागी. आणि फिनेलनं धुऊ नका, मांजराला ते विषारी. साबण आणि गरम पाणी पुरे.

कोकणातला काका

आमच्याकडे जनावराला लघवीचा त्रास झाला की गोखरूचा काढा नाहीतर जवाचं पाणी देतात. म्हशीला गुण आलेला मी डोळ्यांनी बघितलाय. मांजराला थोडं थोडं देऊन बघा. दूध-पाणीही थंड पडतं. आणि दुखत असेल तर लहान मुलांचं तापाचं सिरप दोन थेंब द्यायला हरकत नसावी.

सातारचा पशुवैद्य

आधी हे वाचा, बाकीचं नंतर. तापाचं सिरप म्हणजे पॅरासिटामॉल. ते मांजराला एक थेंबही द्यायचं नाही. माणसाचं यकृत ज्या पद्धतीनं ते निकामी करतं ती सोय मांजरात फार कमी असते. हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, तोंड सुजतं, श्वास लागतो आणि मांजर जातं. अंगदुखीच्या बाकीच्या गोळ्याही तशाच घातक. वेदना कमी करणारं मांजराचं औषध असतं, ते डॉक्टरांकडूनच घ्या.

काकांची म्हैस बरी झाली असेल, त्यांच्या अनुभवाबद्दल मला शंका नाही. पण बोक्याची अडचण वेगळी आहे. त्याची मूत्रनळी लांब आणि टोकाला फार अरुंद असते. सुजलेल्या मूत्राशयातून निघालेला चिकट स्राव, पेशी आणि बारीक स्फटिक मिळून तिथं बूच बसतं. पुढं बूच असताना लघवी वाढवणारा काढा पाजणं म्हणजे नळाचं तोंड बंद करून टाकीत पाणी सोडणं. बंद झालेली लघवी मूत्रपिंडापर्यंत मागं दाबते, पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडतं. पूर्ण तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावतो. मोकळा झाल्यावरही काढ्याची गरज नाही, साधं पाणी हवं. दुधानं बऱ्याच मोठ्या मांजरांना हगवण लागते, मग अंगातलं पाणी उलट कमी होतं.

आता ताई तुमचं. चार दिवस उपाशी ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. ६.२ किलोचा बोका दोन-तीन दिवस जेवला नाही तर अंगातली चरबी यकृतात साचते आणि त्यातून नवंच दुखणं उभं राहतं, तेही जीवघेणं. जुने दाणे चालू ठेवा आणि नवं खाणं चमचा-चमचा वाढवत आठ-दहा दिवसांत बदल करा. फ्रीजमधून काढलेलं थंडगार देऊ नका. पाऊच गरम पाण्यात पाच मिनिटं बुडवा, वास सुटला की तो येईल. वजन उतरवायचंय, पण ते महिन्यांच्या हिशेबानं.

संसर्ग नसताना प्रतिजैविक दिलं नाही, हे तुमच्या डॉक्टरांनी बरोबर केलं. तरुण बोक्यात जंतू क्वचितच सापडतात. दहा वर्षांपुढच्या किंवा मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार असलेल्या मांजरात ते जास्त. आणखी एक, घरून लघवीचा नमुना नेलात तर लगेच तपासायला द्या. फ्रीजमध्ये काही तास राहिला की त्यात नवे स्फटिक तयार होऊ शकतात आणि नसलेल्या आजाराची चिंता लागते.

ऑपरेशनबद्दल. त्यात मूत्रनळीचा अरुंद भाग काढून रुंद भागाचं तोंड बाहेर आणतात. त्यानं पुन्हा तुंबायचा धोका बराच कमी होतो, पण मूत्राशयाची सूज तशीच येत राहू शकते आणि पुढं जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. म्हणून ते वारंवार तुंबणाऱ्या बोक्यासाठी. एकदा तुंबलेल्यासाठी पाणी आणि घरातली शांतता, याच दोन गोष्टींवर मी सगळा जोर लावेन.

कोकणातला काका

सिरपचं मला खरंच माहीत नव्हतं डॉक्टर. माझा सल्ला मागं घेतो. कुणी वाचून देऊ नये.

भाटीवाली, परळ

एक भर घालते. प्रत्येकाचं कारण एक नसतं. आमच्या भाटीला, म्हणजे मांजरीला, लघवीतून रक्त यायचं, आम्ही बैलघोड्याला, परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. एक्सरेत मूत्राशयात खडा दिसला, स्ट्रुव्हाइट नावाच्या क्षाराचा असावा म्हणाले. औषधी खाणं पाच आठवडे दुसरं काहीही न देता दिलं आणि पुढच्या एक्सरेत खडा विरघळलेला. कॅल्शियम ऑक्झलेटचा असता तर खाण्यानं विरघळला नसता, काढावाच लागला असता. तेव्हा कुणाच्याही मांजराला झालं की आधी एक्सरे काढून घ्या, दुसऱ्याच्या मांजराचं खाणं परस्पर सुरू करू नका. आणि त्या पाच आठवड्यांत सासूबाई गुपचूप सुकट घालत होत्या हे कळल्यावर मला त्यांच्याशी बोलावं लागलं. घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

शिवणघर, चिंचवड

बारा दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

आधी वरच्या मजल्यावर गेले. भांडायला गेले नव्हते. दवाखान्याचे कागद दाखवले आणि बंड्याचा फोटो. त्या वहिनी म्हणाल्या, आम्हाला काय माहीत ताई, खाली असं काही चाललंय. काम थांबणं शक्य नव्हतं, पण मुकादम रोज सकाळी सांगून जातो, आज ब्रेकर कधी ते कधी. त्या वेळात मी बंड्याला आतल्या खोलीत घेते, टोपलीसकट, दार लावते आणि तिथंच मशीन चालवते. मशीनच्या आवाजाला तो पिल्लू असल्यापासून सरावलेला आहे. पहिल्या दिवशी कपाटाखाली गेला. तिसऱ्या दिवशी फरशी फुटत असताना टोपलीतच पाय पसरून झोपला. मी पायडल थांबवलं की डोळे उघडायचा, म्हणून दोरा संपला तरी मोकळं मशीन फिरवत राहिले.

खिडकीच्या खालच्या दोन काचांना आतून ब्राऊन पेपर चिकटवला. बाहेरचा बोका दिसत नाही म्हटल्यावर बंड्याचं तिथं तासन् तास टक लावून बसणं बंद झालं. बाहेरच्याला मी जिन्याखाली खायला ठेवते, त्याचाही काही दोष नाही.

खाण्याचं तुम्ही म्हणालात तसंच झालं. कोमट केल्यावर तिसऱ्या दिवशी चाटलं, सातव्या दिवशी वाटी पुसून घेतली. यांना डॉक्टरांचं यकृताबद्दलचं वाचून दाखवलं. त्यानंतर सकाळचा पाऊच तेच बुडवून ठेवतात.

नवव्या रात्री मात्र जिवाचं पाणी झालं. साडेअकराला लागोपाठ चार वेळा ट्रेमध्ये गेला. गोळे दोनच आणि अगदी सुपारीएवढे. मी पोटाला हात लावला, हलकेच, दाबलं नाही. आत लिंबाएवढं, मऊ. तरीही थांबलो नाही, नेलंच. तुंबलं नव्हतं, सूज पुन्हा थोडी वाढली होती. वेदनेचं औषध दिलं आणि डॉक्टर म्हणाले, आलात ते बरं केलंत, अशा वेळी शंभर वेळा या. त्या दिवशी वर पाण्याचे पाइप तोडत होते आणि मी नेमकी कापड आणायला बाजारात गेले होते, तो एकटा होता.

कालनिर्णयवर आज ३ लिहिलंय, तिन्ही मोठे. एकच विचारायचंय डॉक्टर, दिवसाला तीन पाऊच आम्हाला महाग पडतात. चिकन उकडलेलं पाणी त्यात वाढवलं तर चालेल का?

सातारचा पशुवैद्य

चालेल. मीठ, कांदा, लसूण, मसाला यांतलं काहीही नको. कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. चिकन वेगळ्या पातेल्यात उकडा, वर आलेली चरबी काढून टाका आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. रोज दोन-तीन वड्या कोमट करून खाण्यात मिसळा. पाऊच एकदम कमी करू नका, महिनाभरानं लघवी तपासून ठरवू. आणि पाइपचं काम पुन्हा कधी आहे ते मुकादमाला आधीच विचारून ठेवा.

शिवणघर, चिंचवड

विचारलं. गुरुवारी आहे. गुरुवारी कुठंही जाणार नाही, सहा ब्लाउज शिवायचे आहेत, मशीन दिवसभर चालूच राहील.