डिस्क पुसली गेली तेव्हा… तुमचेही अनुभव लिहा

चौथामाळा

काल भाच्याचा फोन. "मामा, हार्डडिस्क फॉरमॅट झाली, चुकून." ते 'चुकून' ऐकलं आणि २०११ मधला एक रविवार पोटात गोळा होऊन बसला.

मी तेव्हा विंडोज सोडून लिनक्सच्या नादी नुकताच लागलो होतो. त्यातलीच एक ऑपरेटिंग सिस्टिम, उबुंटू, टाकताना 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडला. लॅपटॉपची डिस्क पुसतोय अशी माझी समजूत. पुसली गेली यूएसबीला लटकलेली बाबांची ३२० जीबीची. तिच्यात त्यांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी होत्या, १९८४ पासूनच्या. दोन पावसाळे टेपरेकॉर्डरला वायर लावून बसले होते ते. उतरवून झालेल्या कॅसेटी बुरशी आली म्हणून आईने भंगारात दिलेल्या.

बाबांना सांगायची हिंमत नव्हती. ऑफिसातला एकजण म्हणाला, आधी डिस्क काढ आणि तिच्यावर आता काहीही लिहू नकोस. सोसायटीच्या खालची नावांची पाटी पुसली गेलीय, बिऱ्हाडं वर तशीच आहेत. नवा भाडेकरू शिरला की मात्र जुन्याचं सामान रस्त्यावर. माझ्याकडे उबुंटू नावाचा भाडेकरू काही खोल्यांत शिरलाच होता.

फोटोरेक नावाचं, उडालेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. नाव फोटोचं, पण ते फाइलच्या सुरुवातीची खूण पाहून आवाजाच्या फायलीही शोधतं. सकाळी २११ मिळाल्या. नावं मात्र सगळ्यांची गेलेली, नुसता 'एफ' आणि पुढे सात आकडे. कोणती कुठली हे सांगणार कोण? बाबाच. म्हणजे सांगावं लागलंच.

काही बोलले नाहीत. हेडफोन लावला. "हा पखवाज सुतारकाकांचा, म्हणजे ८९ नंतरचं. त्याआधी ढोलकीवर भागवायचो." असं महिनाभर. बऱ्याच फायलींत मधेच दोन-तीन मिनिटं चिडीचूप. उबुंटूने आपल्या नोंदींसाठी डिस्कभर ठरावीक अंतरावर जागा आखून शून्यं भरून ठेवली होती, आणि आवाजात शून्य म्हणजे शांतता. बाबा तेवढ्या जागी स्वतः अभंग पुढे म्हणत राहायचे. एकदा आवाज परत आला तेव्हा ते एका ओळीने पुढे होते. "हे मागे पडले," म्हणाले.

तर तुमचं काय काय उडालंय, लिहा.

लिंबूकलर

"हे मागे पडले" हाहाहा. काकांना नमस्कार सांगा.

टेपवाला

कॅसेटी भंगारात???? अहो ती पांढरी बुरशी साफ करता येते. आईंना काही म्हणत नाही, पण जीव हळहळला.

चौथामाळा

@टेपवाला हे आईसमोर मोठ्याने वाचू नका कुणी.

भुईमूग

माझं डिस्कपार्ट, म्हणजे विंडोजमध्ये कमांड टाइप करून डिस्क हाताळायचं ते. डिस्क २ ऐवजी डिस्क १. क्लीन. एंटर. 'नक्की का?' असं विचारतसुद्धा नाही हो ते! नुसतं क्लीन होतं, 'क्लीन ऑल' नव्हतं म्हणून वाचलो. नुसत्याने पार्टिशनची, म्हणजे डिस्कचे भाग कुठून कुठपर्यंत त्याची, नोंद जाते, ऑलने सगळीकडे शून्यं. टेस्टडिस्क नावाच्या सॉफ्टवेअरने पार्टिशन हुडकून परत लिहून दिलं, नावांसकट सगळं जागच्या जागी. दहा मिनिटांचं काम, पण तेवढा वेळ मी उभाच, खुर्चीत बसवेना.

पोळपाट

मंडळी माझं आत्ताच चालू आहे प्लीज. कॅमेऱ्याचं कार्ड मुलाने फॉरमॅट केलं. वहिनीच्या डोहाळजेवणाचे फोटो होते सगळे. तिला माहीत नाही अजून. काय करू

भुईमूग

कार्ड आधी बाहेर काढा. कडेला बारीक खटका असतो तो लॉककडे सरकवा. एकही नवा फोटो नको.

पोळपाट

मुलाने त्यानंतर मांजराचे काढलेत

भुईमूग

किती?

पोळपाट

बरेच

ओवीकाजू

प्रबंध, २००६. अख्खा डीव्हीबी सुरेखमध्ये टाइप केलेला. डिस्क गेली, रिकव्हरीवाल्याने सहा हजार घेतले, फाइल उघडली तर इंग्रजी अक्षरांचं कडबोळं. मी रडले, सरांना फोन केला की फाइल करप्ट आली. पंधरा दिवस दुखवट्यात. मग टायपिंगच्या ताई आल्या आणि म्हणाल्या, "अगं, नव्या मशीनवर फॉन्ट टाकलास का?"

टाकला नव्हता.

लिंबूकलर

आई गं

रफार

यावरून आठवलं, आमच्या वार्षिकांकाच्या जुन्या श्रीलिपीतल्या फायली आहेत. युनिकोडमध्ये आणल्या की जोडाक्षरांची वाट लागते. चांगला कन्व्हर्टर माहीत आहे का कुणाला?

ओवीकाजू

@रफार व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. कुकर लावून आले की.

बटाटेवडा७

फ्रीजरचं कुणी लिहिलं नाही अजून?

कोथरूडकर

मी केलंय. डिस्क टकटक करत होती, कुणीतरी सांगितलं थंड कर. पिशवीत घालून मटारांच्या शेजारी ठेवली. बाहेर काढल्यावर दव धरलं आणि टकटक होती तीही थांबली. नंतर लॅमिंग्टन रोडला एका गृहस्थांनी समजावलं की टकटक म्हणजे आतल्या हेडचं, डिस्क वाचणाऱ्या भागाचं, दुखणं, तिथे सॉफ्टवेअरही चालत नाही आणि फ्रीजही. चालू न करता तशीच आणायची. पोरीची पहिली तीन वर्षं होती त्यात. आता सासूबाईंच्या मोबाइलमधले चार फोटो, तेवढेच.

लिंबूकलर

अरेरे. काही लिहावंसं वाटेना.

बटाटेवडा७

आणि एसएसडी (फिरती चकती नसलेली, चिपवाली डिस्क) असेल तर घाई करूनही फार उपयोग नाही. ट्रिम नावाची तिची सोय चालू असली की डिलीट केलेली जागा ती स्वतःच झाडून घेते. माझा अख्खा पगारपत्रकांचा फोल्डर. तेवढ्यावर कर्ज अडलं होतं.

टेपवाला

@चौथामाळा त्या २११ मध्ये काकड आरती आहे का? आमच्या मंडळात चाल विसरलेत लोक.

चौथामाळा

आहे, दोन. एकीत मधे शांतता आहे. बाबांना विचारतो, ते तेवढा भाग म्हणून देतील.

पोळपाट

आले. भुईमूगदादा शतशः धन्यवाद. कार्ड लॉक केलं, फोटोरेक लावलं, सापडलेलं लॅपटॉपवर उतरवलं. ८७ मिळाले. पैकी ३१ मांजर.

लिंबूकलर

आणि धनुष्यबाणाचा??

पोळपाट

मिळाला, पण वरचा अर्धाच. खाली सगळी करडी पट्टी. शेवटी वहिनीला खरं सांगून दाखवला. म्हणाली, "कार्यक्रम पोटाचा होता आणि पोटच गायब?"

ओवीकाजू

मांजराचे टाका इकडे.