खरे सांगितले की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. मग खरे किती सांगावे?

प्रश्न : कपाशीचा गल्ला (चोपडा तालुका)

नमस्कार. चोपडा तालुक्यातील एका गावात आमचे कृषी केंद्र आहे. दुकान आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उभे केले. कृषीची पदवी घेऊन आल्यापासून गेली तीन वर्षे मीही गल्ल्यावर बसतो. प्रश्न वरकरणी दुकानदारीचा दिसेल, पण मला तो तेवढाच वाटत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गल्लीतले एक शेतकरी, ज्यांना सगळे गाव बापू म्हणते, सदऱ्याच्या खिशातून कपाशीची दोन पाने काढून माझ्यासमोर ठेवून गप्प उभे राहिले. पाने कडेने लाल झाली होती, शिरा मात्र हिरव्या होत्या. मी पाने उलटी करून भिंगाखाली पाहिली. दोन्ही पानांवर मिळून तुडतुड्याचे, म्हणजे पानाचा रस शोषणाऱ्या किडीचे, एकच पिल्लू सापडले, आणि फवारणीचा विचार साधारणपणे पानामागे दोन-तीन पिले दिसू लागल्यावर करायचा असतो. मी बापूंना सांगितले की हा लाल्या आहे, तो बुरशीचा रोग नाही. झाडावर बोंडांचा भार आला आहे, रात्री गार होऊ लागल्या आहेत, जमिनीतून नत्र आणि मॅग्नेशियम कमी पडते आहे, म्हणून झाड पानांतले काढून बोंडांना देते आहे. दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट फवारावे, वेगळ्या पंपाने २०० ग्रॅम युरिया फवारावा, आणि जी पाने लाल झाली ती पुन्हा हिरवी होणार नाहीत, हे धरूनच चालावे. हे शेवटचे वाक्य बोललो नसतो तरी चालले असते, असे आता वाटते.

बापूंनी पाने परत खिशात ठेवली आणि ते निघून गेले. संध्याकाळी समोरच्या दुकानातून त्यांच्या हातात बुरशीनाशक, कीटकनाशक आणि एक टॉनिक अशी पिशवी दिसली. बिल सतराशेच्या घरात गेल्याचे नंतर कळले. माझ्याकडे त्यांचे काम शे-दोनशेत झाले असते.

आप्पांनीही ते पाहिले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले की, "माणूस आपल्याकडे औषध न्यायला येत नाही, धीर न्यायला येतो. तू त्याला शिकवणी दिलीस." गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो, आप्पा लबाड नाहीत. मुदत संपलेला माल वेगळ्या फळीवर ठेवून त्यावर स्वतःच्या हाताने 'विक्रीसाठी नाही' असे लिहिणारे ते गृहस्थ आहेत. पण "याने फरक पडेल ना?" असे कोणी विचारले की त्यांचे उत्तर तीस वर्षे एकच आहे : "पडेल ना भाऊ, का नाही पडणार?"

शेतीत खरे उत्तर बहुतेक वेळा 'बहुधा' असे असते आणि विचारणाऱ्याला 'नक्की' ऐकायचे असते. अशा वेळी आपण लोक काय करता?

उत्तर : केळीच्या बागेतून (रावेर)

भाऊ, मी दुकानदार नाही, तुमच्या गल्ल्याच्या अलीकडच्या बाजूला उभा राहणारा आहे, म्हणून अलीकडची बाजू सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या नव्या लागवडीत हरण्या आला. केळीवाल्यांना वेगळे सांगायला नको; इतरांसाठी लिहितो की याला कृषी खात्याची माणसे सीएमव्ही म्हणतात, पानांवर पिवळसर पट्टे येतात, पोंगा, म्हणजे मधले गुंडाळलेले नवे पान, सडू लागतो, आणि मावा तो रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. माझ्या नेहमीच्या दुकानदाराने बागेत येऊन चाळीसेक झाडांना हात लावून सांगितले की ही उपटा, बांधावर टाकू नका, गाडून किंवा जाळून टाका, आणि मग राहिलेल्या झाडांवरचा मावा आवरा; विषाणूवर औषध नसते. ती टिश्यू कल्चरची रोपे होती, एकेका रोपाचे पैसे मोजून आणलेली, ठिबकवर जिवापाड वाढवलेली. त्या क्षणी मला तो माणूस शत्रू वाटला. दुसऱ्या एकाने 'व्हायरसवर चालते' म्हणून बाटली दिली, ती मी आनंदाने नेली. पंधरा दिवसांनी चाळिसाची दीडशे झाडे झाली.

आता यातला खरा मुद्दा पुढे आहे. त्यानंतर मी त्या पहिल्या दुकानदाराकडे गेलो तेव्हा त्याने विचारले की उपटली का, आणि मी 'हो, लगेच उपटली होती, तरी पसरला' असे सांगितले. म्हणजे खोटे मी बोललो. बिचारा त्यावरून पुढच्या शेतकऱ्याला काय सल्ला देत बसला असेल देव जाणे. आम्ही शेतकरी एका पंपात तीन औषधे मिसळतो, मात्रा दीडपट करतो, आणि रिझल्ट आला नाही की दुकानात येऊन 'तुम्ही सांगितले तसेच केले' असे छातीठोक सांगतो. तेव्हा बापूंनी काय नेले याचा हिशेब करताना बापूंनी तुम्हाला काय काय सांगितले नसेल, तोही हिशेब करा.

आणि एक. त्या दुकानदाराने 'उपटा' म्हटले तेव्हा तो स्वतः बागेत आला होता. गल्ल्यावर बसून म्हणाला असता तर मी इतक्या वर्षांनी त्याचे नाव काढले नसते.

उत्तर : बावीस हंगाम (शिरपूर)

मीही याच धंद्यात आहे आणि स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आपल्याला हे प्रश्न पडतात कारण दुकान आप्पांचे आहे, जागा स्वतःची आहे आणि कर्ज बहुधा फिटलेले आहे. ज्याचे दुकान भाड्याचे, माल कंपनीच्या उधारीवर आणि गिऱ्हाईक त्याच्या उधारीवर, त्याला 'बहुधा' हा शब्द परवडत नाही. उधारीचे पोते सव्वा हात रिते म्हणतात. आमचे तर तळाशीच उसवलेले असते.

बाहेरच्या वाचकांना हे माहीत नसेल म्हणून लिहितो. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना विकायची, ती पॉस मशीनवर अंगठा घेऊन विकायची, हे सगळे ठरलेले आहे. त्यात सुटणारे पैसे हमाली-भाड्यात जिरतात. ऐन जुलैत युरियाची टंचाई असते तेव्हा वरून सांगितले जाते की गाडी हवी असेल तर सोबत हे सूक्ष्म अन्नद्रव्याचे खोके उचला. याला आमच्यात लिंकिंग म्हणतात. त्याला मनाई असल्याचे परिपत्रक दरवर्षी निघते, आणि खोकेही दरवर्षी येतात. ते खोके दुकानदाराने खायचे की पुढे सरकवायचे? सरकवायचे असेल तर 'याची तुम्हाला गरज नाही, पण घ्या' असे सांगून कोणी घेईल का?

मी माझ्यापुरती एक रेघ आखून घेतली आहे. विचारले तर खोटे सांगत नाही. न विचारलेले सांगत नाही. बनावट आणि बिनबिलाचा माल ठेवत नाही. मे महिन्यात राज्याच्या सीमेपलीकडून चोरून येणारे, परवानगी नसलेले तणनाशकरोधक कपाशीचे बियाणे कितीही मागणी असली तरी दारात घेत नाही. लाल त्रिकोणाचे, म्हणजे सर्वांत विषारी, औषध देताना तोंडाला फडके बांधायला सांगतो. यापलीकडचे खरेपण ज्याला झेपते त्याने जरूर करावे. मला झेपत नाही, आणि हे मान्य करण्यात मी निदान आज तरी खोटे बोललो नाही.

उत्तर : जुनी पेढी (जळगाव)

मी जळगावच्या सराफ बाजारात एका पेढीवर पस्तीस वर्षे हिशेब लिहिला, आता निवृत्त आहे. शिरपूरच्या भाऊंचे लिहिणे मला प्रामाणिक वाटले, परंतु 'न विचारलेले सांगत नाही' ही रेघ आमच्या धंद्यात किती महाग पडते हे मी पाहिले आहे, म्हणून लिहितो.

जुना दागिना मोडायला आणलेल्या बाईला काय विचारावे हेच ठाऊक नसते. मण्यांत लाख किती भरली आहे, खड्यांचे वजन सोन्यात धरले होते का, डाकाने सांधलेल्या जागी कस किती उतरतो, हे सगळे फक्त गादीवर बसलेल्याला माहीत असते. ज्याला प्रश्नच माहीत नाही त्याच्यापुढे 'विचारले असते तर सांगितले असते' म्हणणे हे खोट्यापेक्षा फार लांब नाही. एकदा एका आजींची पोत मोडीत आली होती. मालकांनी काटा त्यांच्याकडे फिरवला, लाख काढण्याआधीचे आणि नंतरचे वजन त्यांना स्वतः वाचायला लावले. आजींना आकडे वाचता येत नव्हते. तेव्हा मालकांनी बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या एका शाळकरी मुलाला आत बोलावले आणि त्याच्याकडून ते वाचून घेतले. आमच्यापैकी कोणाला वाचायला सांगितले नाही, ही गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली.

दुसरी गोष्ट थोडी उलट आहे. आमच्या बाजारात खरेपणा वाढला तो सगळाच मनाच्या मोठेपणाने वाढला असे म्हणणे खोटे होईल. जून २०२१ पासून हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा शिक्का, टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या वेगळ्या ओळख-क्रमांकाशिवाय, नवा दागिना विकता येईनासा झाला. २२ कॅरेटवर ९१६ चा शिक्का म्हणजे हजारात ९१६ भाग सोने. यात तोंडाने सांगण्यासारखे काही उरले नाही. त्याआधी कमी कस देऊन मजुरी स्वस्त सांगणारा दुकानदार गिऱ्हाईक ओढून न्यायचा आणि चोख माल देणारा महाग ठरायचा. नियम सर्वांना सारखा झाला तेव्हा चोख माणसाचा तोटा थांबला. तुमच्या सल्ल्यावर असा शिक्का मारता येत नाही, ही तुमची खरी अडचण आहे, आणि ती तुमच्या स्वभावाची अडचण नाही.

म्हणून एक सुचवतो. जे तोंडी सांगता ते बिलाच्या पाठीवर लिहून सही करून द्या, औषध न देता नुसता सल्ला दिला तरी द्या. 'फवारणी नको, आठ दिवस पाहा' असे लिहिलेला कागद घरी गेला की तो चार माणसे वाचतात. चुकलात तर तोच कागद घेऊन ते तुमच्याकडे येतील, आणि ते आले पाहिजेत.

उत्तर : वर्गाबाहेर (नंदुरबार)

सर्व चर्चा वाचली. मी शिक्षिका आहे, शेतीतले मला थोडेच कळते. मूळ लेखकाला एकच विचारायचे आहे. बापू तुमच्यासमोर पाने ठेवून 'गप्प उभे राहिले' असे आपण लिहिले आहे. गावातला, गल्लीतला माणूस गप्प का उभा राहील? या आधी आपण त्यांना काही असे दिले होते का, जे त्यांना नको होते?

मूळ लेखक : कपाशीचा गल्ला

ताई, आपला प्रश्न वाचून मी दोन दिवस येथे आलो नाही.

होय, दिले होते. जुलैमध्ये बापूंनी युरियाच्या चार गोण्या नेल्या तेव्हा शिरपूरच्या दादांनी लिहिले आहे तसेच खोके आमच्याकडे आले होते. त्यातली ३८० रुपयांची एक बाटली मी बापूंच्या नावावर उधारीत लिहिली. नुसती लिहिली नाही, तर "याने कपाशी जोर धरते" असेही म्हणालो. ती जोर धरते की नाही हे मला तेव्हा माहीत नव्हते, आताही नाही. त्या दिवशी आप्पा दुकानात नव्हते. म्हणजे ते वाक्य त्यांच्याकडून शिकलो म्हणायलाही जागा नाही. पहिल्या प्रश्नात मी हे लिहिले नाही, कारण ते लिहिले असते तर प्रश्न वेगळा झाला असता, आणि मला तो माझ्या सोयीचा हवा होता.

काल सकाळी मी उधारीची वही काढून बापूंच्या खात्यावरचे ३८० खोडले, शेजारी तारीख घालून सही केली आणि वही घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. लाल्या पाहायला शेतातही येतो म्हणालो. बापूंनी खोडलेल्या रेघेवरून बोट फिरवले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आते काय इकानं शे रे भो तुले?" (आता काय विकायचे आहे रे भाऊ तुला?)

मला हसू आले नाही. तरी शेतात गेलो. फवारलेल्या तिन्ही औषधांनंतर लाल पाने लालच होती, शेंड्याकडची नवी पाने बरी होती. ती औषधाने बरी होती की आपोआप, हे मी सांगू शकलो नाही आणि तसे बोललो. बापूंनी मॅग्नेशियमबद्दल काही विचारले नाही.

दुकानात परत आलो तेव्हा आप्पा वही चाळत बसले होते. म्हणाले, "साठ बाटल्या आल्या होत्या. बापूची खोडलीस. बाकी एकोणसाठांचे काय?" साठाचे मिळून २२,८०० रुपये होतात. त्यातले निम्मे लोक रोखीने घेऊन गेले, त्यांची नावे वहीत नाहीत, आणि खोकेवाल्याची बाकी दिवाळीपर्यंत द्यायची आहे. मी म्हणालो की उधारीतली तरी खोडू. आप्पा म्हणाले की मग रोख देणारा मूर्ख ठरला. याला मला उत्तर सुचले नाही. कोणाला सुचत असेल तर लिहावे. वही सध्या जुलैच्या पानावर उघडी आहे.