देरिग्लाझोवाची लोकप्रियता खेळामुळे की छायाचित्रांमुळे?

साधा वाचक:
फॉईल या तलवारबाजीच्या प्रकारातली रशियाची खेळाडू इन्ना देरिग्लाझोवा २०१५, २०१७ आणि २०१९ अशी तीन वेळा वैयक्तिक जगज्जेती ठरली, २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये तिने वैयक्तिक सुवर्ण जिंकले आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये सांघिक सुवर्णाबरोबर वैयक्तिक रौप्यही मिळवले. एवढी कमाई असलेल्या खेळाडूचे नाव समाजमाध्यमांवर शोधले, तर मला आधी दिसले काय? मुखवटा काढून केस सावरणारी देरिग्लाझोवा, आणि खाली ‘काय सुंदर दिसते’ छापाच्या प्रतिक्रियांची रांग. रिओच्या अंतिम लढतीत लंडन ऑलिंपिकची विजेती, इटलीची एलिसा दि फ्रान्सिस्का हिला तिने १२-११ असे हरवले होते, याचा त्या रांगेत उल्लेखही नाही. जो खेळ चेहरा जाळीआड झाकूनच खेळायचा, त्यातली कीर्ती चेहऱ्यावर उभी राहावी, हे मला खटकते.

ओसरी:
खटकण्याजोगे आहे, हे मान्य. पण दोष प्रेक्षकांच्या नजरेचा जेवढा, तेवढाच फॉईलचाही. टोक लागल्याचे दोघींचे दिवे एकदम लागतात, दोघीही मूठ आवळून ओरडतात, आणि पंच हातवारे करून गुण एकीलाच देतात, कारण चढाईचा हक्क तिचा होता. तो कोणाचा, हे नवख्याला क्षणात कसे कळावे? ईपी या तलवारबाजीच्या दुसऱ्या प्रकारात ही भानगड नाही. दोघींचा दिवा लागला तर गुण दोघींनाही. जिथे खेळ डोळ्यांना सापडत नाही, तिथे लोक चेहरा धरून बसणारच.

जुना फॉईलपटू:
हे अजिबात पटले नाही. मी जिल्हा पातळीवर काही वर्षे खेळलो आहे. बाहीतून तार ओवून शस्त्राला जोडायची, धडावर धातूच्या धाग्यांचे जाकीट चढवायचे; टोक जाकिटावर दाबले गेले तर रंगीत दिवा, हातापायांवर दाबले गेले तर पांढरा, म्हणजे गुण नाही. मग पाहायचे एवढेच, की चढाई आधी कोणी सुरू केली आणि समोरच्याने ती पात्याने परतवली का. माझ्या आईला हे मी जेवताना दोन चमचे हातात घेऊन समजावले होते. ज्यांना क्रिकेटमधले पायचीत कळते, त्यांनी फॉईल अवघड म्हणू नये.

ओसरी:
मग टोकियोत भवानी देवीला आपण का पाहिले? ऑलिंपिकमध्ये उतरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. सेबर या तिसऱ्या प्रकारातली पहिली लढत १५-३ अशी जिंकून दुसऱ्या लढतीत ती फ्रान्सच्या मानों ब्रूनेकडून ७-१५ अशी हरली. आमच्या घरात सेबरचा एकही नियम कोणाला ठाऊक नव्हता, पण भवानी आणि तलवार असा योग जुळल्यावर आजोबांना टीव्हीसमोरून हलवणे अशक्य होते. नावाने ओढले गेलेले चालते, तर चेहऱ्याने ओढले गेलेल्यांनाच का हिणवावे?

साधा वाचक:
कारण तुमच्या आजोबांनी लढत शेवटपर्यंत पाहिली. छायाचित्र आवडल्याचे बोट दाबून पुढे सरकणाऱ्याला हे ठाऊकही नसते, की टोकियोच्या अंतिम लढतीत देरिग्लाझोवा अमेरिकेच्या ली कीफरकडून १५-१३ अशी, म्हणजे दोनच गुणांनी हरली. अर्थात तिथे थांबणाऱ्यांपैकी काही जण पुढे लढतही पाहत असतील, हे मी नाकारत नाही.

जुना फॉईलपटू:
तीच लढत आवाज बंद करून पाहा. प्रत्येक गुणानंतर खेळाडूंकडे न पाहता पंचांच्या हातांकडे पाहा. चढाई कोणाची होती आणि गुण कोणाला, हे तो हात दर वेळी सांगतो. सहा-सात गुणांनंतर तुम्ही हात उठण्याआधीच निकाल सांगू लागाल.