मदत हवी आहे : झॉम्बींच्या जगात मुलाच्या हाती शस्त्र कधी द्यावं?

झॉम्बींनी जग व्यापल्यावर तग धरून राहिलेल्या एका टोळीची दीर्घकथा लिहितेय आणि एका जागी गाडं अडलंय. टोळीत ९, १२ आणि १५ वर्षांची मुलं आहेत. त्यांना शस्त्र द्यावं का?

धाकटीला नाहीच. मोठी मुलगी पहाऱ्याला बसेल. खरा पेच आहे तो १२ वर्षांच्या मुलाचा. नेम शिकवता येतो हो, पण बंदुकीचा धक्का खांद्याला सोसायला हवा, झाडायची नसेल तेव्हा बोट चापाबाहेर ठेवायची सवय अंगात मुरायला हवी. शिवाय आवाजाने आणखी झॉम्बी गोळा होणार ते वेगळंच. आणि रात्री दाराशी कोणी धडपडलं, तर तो झॉम्बी की जखमी होऊन परतलेला आपलाच माणूस, हे तो क्षणात ओळखेल? आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडतच असतो.

पण निःशस्त्र ठेवलं आणि जवळ मोठं माणूसच उरलं नाही तर?

बालसैनिकांचा विचारही पिच्छा सोडत नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यातून उभं राहिलं त्या १९९८च्या रोम कराराने १५ वर्षांखालच्या मुलांना लढाईत उतरवणं युद्धगुन्हा ठरवलं. कथेत न्यायालयं उरलेली नाहीत, मुलं मात्र तीच आहेत.

कोणी मुलांना नेमबाजी किंवा धनुर्विद्या शिकवली असेल तर कृपया सांगा : मूल तयार आहे हे कशावरून ओळखता? या मुलाला भाला द्यावा, की फक्त शिट्टी आणि पळायची वाट?