पोलादपूर–महाबळेश्वर रस्ता: आंबेनळी घाट नेमका कोणाचा?

डोंबिवलीकर_प्रसाद:
मंडळी, मे महिन्यात आईबाबांना घेऊन पोलादपूरवरून महाबळेश्वरला गेलो. रस्ता जेमतेम चाळीस किलोमीटरचा, पण वाद घरी येईपर्यंत पुरला. बाबा म्हणतात महाराजांच्या काळातला, माझ्याकडच्या जुन्या नकाशात 'फिट्झगेराल्ड घाट' छापलंय. खरं काय? आणि रायगड जिल्हा संपतो कुठे?

घाटवेडा:
इंग्रजांचा. सेमूर फिट्झगेराल्ड 1867 ते 1872 मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं नाव.

निवृत्त_ड्रायव्हर:
बाबांचंही अगदीच चुकलेलं नाही. मी एसटी चालवली, त्यातली बरीच वर्षं याच रस्त्यावर.

जुनी वाट पार घाटाची. 1659 साली अफझलखान वाईहून निघाला, तो रडतोंडीच्या घाटाने पार गावाला उतरला. चढण कशी असेल ते नावावरूनच समजा. इंग्रजांनी त्याचं 'रोटंडा' करून टाकलं! पारला कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे, तो आजही उभा आहे. पुढच्या वेळी बाबांना तो दाखवा, खूश होतील.

आपला गाडीरस्ता मात्र 1876 चा. लोक म्हणतात हा महाबळेश्वरहून कोकणात उतरतो. मला विचाराल तर तो खालून वर गेलाय. रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईचे साहेबलोक बोटीने बाणकोटच्या खाडीत शिरायचे, महाडच्या बाजूला उतरायचे आणि पुढे पालखीतून डोंगर चढायचे. चाकं थेट वर जावीत म्हणून हा घाट. त्यामुळे वळणं भरपूर, पण चढ बैलाला झेपेल असा. गाडी सेकंडला टाकायची आणि गप्प बसायचं.

जुलैत धुकं असं की वायपरच्या पलीकडे काही नाही. कंडक्टर दारात उभा राहून खाली गटार बघायचा, "घे, घे, अजून घे", आणि मी त्याच्या आवाजावर वळण काढायचो. दरड येण्याआधी टपावर बारीक खडे वाजतात. ते ऐकू यावेत म्हणून भर पावसातही माझी खिडकी चार बोटं उघडी. बाही कायम ओली.

आणखी एक. 30 नोव्हेंबर 1957 ला नेहरू प्रतापगडावर महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्रवाल्यांनी पसरणी घाटात आणि इकडे पोलादपूरला निदर्शनं केली. आमचे वडील पोलादपूरच्या गर्दीत होते. नेहरू दिसले नाहीत, पाय तेवढे सुजले, असं सांगायचे.

सह्याद्री_बुलेट:
काका, ऑगस्टमध्ये बाईकवर जायचा विचार आहे. जाऊ का?

निवृत्त_ड्रायव्हर:
नको रे बाबा. 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात दरीत गेली, 30 माणसं गेली. 2021 च्या जुलैत रस्ताच ठिकठिकाणी वाहून गेला होता. दसऱ्यानंतर जा, तेव्हा हिरवंही असतं आणि समोरचं दिसतंही.

डोंबिवलीकर_प्रसाद:
काका, बाबांना वाचून दाखवलं. "पार मी म्हणालोच होतो," म्हणाले. (म्हणाले नव्हते.) हद्दीचं तेवढं राहिलं.

निवृत्त_ड्रायव्हर:
हो की. वाडा-कुंभरोशीच्या अलीकडे, घाटमाथ्याजवळ. प्रतापगडाचा फाटा दिसला म्हणजे तुम्ही साताऱ्यात आलात. आम्ही पाण्यावरून ओळखायचो: पोलादपूरच्या अंगाला पडलेला पाऊस सावित्रीतून बाणकोटला जातो, पलीकडचा कोयनेतून कृष्णेत, थेट आंध्रापर्यंत.