अफवा घरच्या भाषेत, खुलासा परक्या भाषेत: तरी म्हणे भाषांतराचा खर्च वायफळ!

सह्यकडा (धागाकर्ता)

आमच्या एका ग्रुपवर आलेली पोस्ट वाचून डोकं फिरलं. थोडक्यात अशी: "संयुक्त राष्ट्रं पैशाअभावी माणसं कमी करताहेत, पण सहा सहा भाषांची चैन सुटत नाही. जगाला इंग्रजी कळतं. खोट्या बातम्या थांबवायला भाषांतर नको, एक ठाम खुलासा पुरे." खाली टाळ्यांचा पाऊस. मी उत्तर देऊ लागलो तर ॲडमिन म्हणाले, राजकारण नको. म्हणून इथे लिहितोय.

१९९४ चं आफ्रिकेतलं रवांडा घ्या, तिथला नरसंहार. आरटीएलएम हे रेडिओ केंद्र जुलै १९९३ पासून किन्यारवांडात, म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेत बोलत होतं. गाणी, गप्पा, थट्टामस्करी, आणि त्यातच तिथल्या अल्पसंख्य तुत्सी जमातीविरुद्ध विष. पुढे तर कोणाला मारायचं त्यांची नावंसुद्धा वाचली गेली. संयुक्त राष्ट्रांची फौज तिथेच, राजधानी किगालीत होती. तिचे सेनापती रोमेओ दालेर यांच्या हाताशी लोकांशी बोलायला स्वतःचं रेडिओ केंद्र नव्हतं. ते प्रक्षेपण बंद पाडा अशी विनंती अमेरिकेकडे झाली, ती खर्च आणि कायदा पुढे करून नाकारली गेली. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं कापली गेली. संयुक्त राष्ट्रांचा रेडिओ तिथे सुरू झाला तो १९९५ मध्ये. कोणाला सांगायला?

पुढे शेजारच्या काँगोत २००२ साली संयुक्त राष्ट्रांचा रेडिओ ओकापी सुरू झाला. फ्रेंच, लिंगाला, स्वाहिली, त्शिलुबा आणि किकोंगो. युद्धाने तुकडे झालेल्या देशात सगळ्या बाजूंच्या लोकांना एकच बातमी आपापल्या भाषेत ऐकू येऊ लागली. माझं म्हणणं एवढंच की ऐकणारा माणूस आधीपासून जोडलेला असावा लागतो. आग लागल्यावर पत्रक काढून तो मिळत नाही.

आकडेमोड

लेख भावनिक आहे, मुद्दा चुकीचा आहे. सहा अधिकृत भाषांवरचा खर्च मुख्यतः ठराव, अहवाल आणि बैठकांतल्या दुभाष्यांवर होतो. ते सगळं राजदूतांसाठी. किन्यारवांडा त्या सहांत तेव्हाही नव्हती, आजही नाही. मग रवांडाचं उदाहरण देऊन अरबी-रशियन कागदांचं समर्थन कसं होतं? कपात करायची वेळ आली तर आधी तिथेच कात्री लावावी.

सह्यकडा

@आकडेमोड, कागद आणि जनसंपर्क वेगळे, हे मान्य. पण ग्रुपवरची पोस्ट दोन्ही एकाच टोपलीत टाकत होती, आणि तुम्ही तिचीच बाजू घेताय. शिवाय कपात येते तेव्हा राजदूतांचे दुभाषे शाबूत राहतात आणि आधी रेडिओवाल्यांवर गदा येते. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत एका आदेशासरशी व्हॉईस ऑफ अमेरिका या सरकारी निधीवरच्या प्रसारण सेवेच्या बहुतेक भाषा गप्प झाल्या. इंग्रजीतल्या पत्रकार परिषदा मात्र चालूच आहेत.

किवूचा_जवान

मी काँगोतल्या गोमा शहरात संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होतो, म्हणून बोलतो. ओकापी आम्हीही लावायचो, कळायचं काहीच नाही, पण बाजारात प्रत्येक टपरीवर तोच लागलेला असायचा. तरीही लोक आमच्या गाड्यांवर दगड मारायचे. का, तर म्हणे हे बंडखोरांना हत्यारं पुरवतात, सोनं नेतात. माझ्या हाताखालच्या पोरांनी उन्हातान्हात रस्ते राखले आणि शिव्या खाल्ल्या. २६ जुलै २०२२ ला काँगोतल्याच बुटेंबो शहरात जमावाने शांतिसेनेच्या तळावर हल्ला केला, त्यात सीमा सुरक्षा दलाचे आपले दोन जवान आणि मोरोक्कोचा एक सैनिक गेला. पाच भाषांतला रेडिओ वीस वर्षं चालू होता. काय उपयोग झाला? गावं जळत असताना फौज वेळेवर पोचली नाही, तर लोक कुठल्याही भाषेत विश्वास ठेवणार नाहीत.

दुभाषी_बाई

साहेब, तुमच्या अनुभवापुढे बोलणं अवघड आहे, पण बुटेंबो हा नांदे लोकांचा मुलूख. त्यांची किनांदे त्या पाच भाषांत नाही.

आणि हे त्याच भागात आधी दिसलं होतं. २०१८ ते २०२० च्या इबोला साथीत २,२८७ माणसं गेली. इबोला खोटा आहे, पैशासाठी उभं केलेलं नाटक आहे, असं घरोघर बोललं जायचं. फेब्रुवारी २०१९ मध्ये काटवा आणि बुटेंबोतली उपचार केंद्रं पेटवली गेली. तिथे भाषेची पाहणी झाली तेव्हा दिसलं की फ्रेंच आणि पुस्तकी स्वाहिलीतले फलक अनेकांना नीट समजतच नव्हते. त्यांना हवं होतं किनांदे आणि तिथली बोलीतली स्वाहिली. मी दवाखान्यात दुभाषाचं काम करते. डॉक्टर अनोळखी भाषेत बोलू लागला की म्हातारी माणसं मान डोलावतात आणि घरी जाऊन शेजारणीचं ऐकतात. हे रोज बघते.

किवूचा_जवान

किनांदेचं ठाऊक नव्हतं. असेल. पण किनांदेत सांगितलं असतं तर ती पोरं वाचली असती, हे मला कोणी सांगू नका.

मायमराठी_बाणा

काँगोचं राहू द्या. आपल्याकडे बघा. संयुक्त राष्ट्रांच्या हिंदी बातम्या २०१८ पासून भारत सरकारच्या पैशावर चालतात. एकट्या २०२२ मध्ये ८ लाख डॉलर दिले. तो पैसा मुंबईने भरलेल्या करातूनही जातो. मराठीला काय? अभिजात दर्जाचा कागद, ३ ऑक्टोबर २०२४. इथे पहिलीपासून हिंदी लादायला निघाले होते, लोक उठले म्हणून २९ जून २०२५ ला शासन निर्णय मागे घ्यावे लागले. बहुभाषिकतेच्या नावाखाली जगभर एकच भाषा पुढे रेटायची, हा डाव आहे.

आकडेमोड

झालं. आला शाळेचा विषय.

गंगाजमुना

@मायमराठी_बाणा, जून २०२२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या बहुभाषिकतेवरच्या ठरावात हिंदीबरोबर बांगला आणि उर्दूचाही उल्लेख आहे. एकच भाषा कशी? आणि परराष्ट्र धोरण केंद्राचा विषय आहे. प्रत्येक राज्य न्यूयॉर्कला आपली भाषा घेऊन गेलं तर देश म्हणून बोलणार कोण?

मायमराठी_बाणा

उर्दू-बांगलामागे दुसरे देश उभे आहेत, मराठीमागे कोण? आणि देश म्हणून एकाच भाषेत बोलायचं हे कुठल्या घटनेत लिहिलंय ते दाखवा. आठ कोटींहून जास्त लोकांची मातृभाषा आहे ही, २०११ ची जनगणना काढा. ब्रिटनला कळलं! २०१७ मध्ये त्यांच्या सरकारच्या निधीतून बीबीसी मराठी सुरू झाली. सोव्हिएत युनियनला त्याच्या कितीतरी आधी कळलं होतं, मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं लोकवाङ्मय गृहात मातीमोल भावाने मिळायची. माझ्या वडिलांनी त्यावर वाचायला शिकलं. परक्यांना आमच्याशी मराठीत बोलावंसं वाटतं, दिल्लीला वाटत नाही.

गंगाजमुना

ती पुस्तकं प्रचार होता. तुम्हाला प्रचार मराठीत मिळाला म्हणून आनंद?

मायमराठी_बाणा

माझ्या वडिलांवर घसरू नका. तुमच्यासारख्यांमुळेच मराठी माणूस स्वतःच्या घरात पाहुणा झाला.

लातूरची_मावशी

भांडणं थांबवा जरा. माझा भाचा २०२२ ला युक्रेनमधल्या खारकिव्हमध्ये शिकत होता, रशियाशी युद्ध पेटलेलं. २ मार्चला आपल्या वकिलातीची सूचना आली की शहर सोडा, संध्याकाळी सहाच्या आत पेसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदोव्हका गाठा, गाडी नसेल तर चालत जा. इंग्रजीत होती, पोरांना कळली, पोरं निघाली. इकडे त्याच रात्री टीव्हीवर आमच्या मराठीत चाललेलं, भारतीय विद्यार्थी ओलीस! युक्रेनने त्यांना धरून ठेवलंय असं रशियाने म्हटलं होतं. ताईने पाण्याचा घोटही घेतला नाही. दुसऱ्या दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं की ओलीस ठेवल्याची कसलीही माहिती आलेली नाही. आम्हाला ते भाच्याच्या मित्राने फोन करून मराठीत समजावलं. भीती रात्रभर मराठीत आली, धीर यायला दुसरा दिवस उजाडला.

आकडेमोड

मावशी, ताईंचं दुःख कळतं. पण यात दोष वाहिनीचा आहे, भाषेचा नाही. उद्या सरकारच मराठीत खरं-खोटं ठरवू लागलं तर? सरकारबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवायचा अधिकार केंद्राच्याच सत्यता पडताळणी कक्षाला देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने २० सप्टेंबर २०२४ ला रद्द केला, तो उगीच नाही.

दुभाषी_बाई

खरं काय ते सरकारने ठरवू नये, हे बरोबरच आहे. आपलं म्हणणं लोकांच्या भाषेत लगेच मांडावं, एवढंच मागतोय. त्यात कोणाचं तोंड बंद होत नाही. न बोलल्याने काय होतं ते म्यानमारमध्ये दिसलं. फेसबुकवर तिथल्या रोहिंग्या मुस्लिमांविरुद्ध बर्मी भाषेत गरळ ओकली जात होती आणि २०१५ च्या सुमारास ती वाचू शकणारे तपासनीस कंपनीकडे जेमतेम दोन होते. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन पथकाने फेसबुकच्या त्या भूमिकेवर बोट ठेवलं.

आकडेमोड

बरं. रेडिओ आणि स्थानिक भाषांवरचा खर्च ठेवा, वाढवा हवा तर. राजदूतांच्या कागदांवर मी अजून ठाम आहे.

सह्यकडा

माझ्या पहिल्या प्रतिसादाचंच अर्धं तुम्ही आता मान्य केलंत. ग्रुपवरच्या त्या पोस्टखाली हेच लिहाल का? तुमचं ॲडमिन ऐकतील.

मायमराठी_बाणा

आणि मराठीचं उत्तर अजून कोणीच दिलेलं नाही. हिंदीसाठी केंद्र पैसे देतं, तर मराठीसाठी महाराष्ट्राने निधी द्यावा आणि केंद्राने तो न्यूयॉर्कला पोचवावा. यात देश कसा फुटतो ते गंगाजमुना यांनी सांगावं.

गंगाजमुना

फुटत नाही. महाराष्ट्राने आधी निधी मंजूर करून दाखवावा, मग बोलू.